'उद्या' हा शब्द आम्ही वर्गातून काढून टाकला

जूनमध्ये शाळा सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील, पाऊस धो धो, आणि पहिल्याच तासाला आठवीचा वर्ग नुसता कलकलाट करत होता. कारण जवळपास सगळ्यांच्या घरच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ येऊन पडलेला. धक्क्यावर दोन पुरुष उंचीची लाट आदळतेय, गाड्या वाहून चालल्यात, आणि वर लिहिलंय 'मालवण बंदर, आत्ताची परिस्थिती, सर्वांना कळवा'. एकतीस मुलांपैकी तेवीस जणांनी तो बघितलेला, अकरा जणांनी पुढे पाठवलेला. आमच्या शाळेपासून मालवण बंदर बारा किलोमीटरवर आहे, कोणाचा काका तिथे, कोणाची मावशी तिथे, पण एकानेही फोन करून विचारलं नव्हतं की काय गं, तिकडे पाणी चढलंय का.

मी मराठी आणि भूगोल शिकवते. त्या दिवशी कविता घेणार होते, ती बाजूला ठेवली आणि वर्गाला कॉम्प्युटर रूममध्ये नेलं. तोच व्हिडिओ प्रोजेक्टरवर लावला, पण आवाज बंद करून. मग पडदा झाकून नुसता आवाज ऐकवला. मग दोन्ही बाजूला ठेवून फळ्यावर फक्त ती वरची ओळ लिहिली. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, आता तुम्हाला काय काय कळलं ते वहीत लिहा.

आवाज बंद केल्यावर भीती निम्मी कमी झाली हे मुलांनीच सांगितलं. नुसता आवाज ऐकताना एक जण म्हणाला की हा भोंगा सारखा तेवढ्याच वेळाने परत वाजतोय, म्हणजे कोणीतरी वरून चिकटवलाय. आणि मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्गात सहसा तोंड उघडत नाही, ती उठून म्हणाली, "बाई, ह्यात माड खय आसत?"

सगळा वर्ग गप्प झाला. परत व्हिडिओ लावला. खरंच एक माड नाही, जांभ्याचा एक दगड नाही, कौलाचं एक छप्पर नाही. मग कोणीतरी दुकानाच्या पाटीवरची अक्षरं दाखवली, ती देवनागरी नव्हती आणि इंग्रजीही नव्हती. हे सगळं पहिल्यापासून समोरच होतं, तेवीस जणांनी बघितलेलं, पण 'मालवण' हा शब्द आधी वाचल्यामुळे डोळ्यांनी पुढचं काम सोडूनच दिलं होतं.

मला त्या क्षणी मनापासून वाटलं की हे शिकवायलाच हवं, एखादा तास म्हणून नाही तर वर्षभर. पोरांना मोबाईल चालवता येतो, आपल्यापेक्षा भरभर येतो, म्हणून आपण धरून चालतो की त्यांना त्यातलं वाचताही येतं. ते तसं नाही. धड्यातला परिच्छेद कसा वाचायचा हे आपण आठ वर्षं शिकवतो, आणि ज्या गोष्टी ही मुलं दिवसभर वाचतात, म्हणजे हलणारं चित्र, वरची पट्टी, मागचं म्युझिक, रंगीत नकाशा, व्हॉइस मेसेज, त्या कशा वाचायच्या हे कोणीच सांगत नाही.

एका ऑनलाईन ट्रेनिंगमध्ये 'मल्टिमोडल लिटरसी' हा शब्द पुष्कळदा ऐकला होता पण तेव्हा तो डोक्यात बसला नव्हता. नंतर शोधून वाचलं तेव्हा कळलं की ही कल्पना काही मोबाईलबरोबर आलेली नाही. न्यू लंडन ग्रुप म्हणून दहा अभ्यासक १९९४ मध्ये अमेरिकेत न्यू लंडन गावी एकत्र जमले होते, १९९६ मध्ये त्यांनी मांडलं की अर्थ फक्त लिहिलेल्या भाषेतून जात नाही, तो चित्रातून, आवाजातून, हावभावातून आणि जागेच्या मांडणीतूनही जातो, आणि हे पाचही शाळेत शिकवायला हवेत. तेव्हा आपल्याकडे स्मार्टफोनचा पत्ताही नव्हता. मी मुलांना याच्या 'पाच वाटा' करून सांगितल्या. जागेची वाट म्हणजे काय हे समजावताना मला उदाहरण मिळेना, तर एका मुलाने दिलं, बंदरावरचा बावटा, वादळाचा इशारा देणारा. तीन नंबरचा बावटा लागला की अख्ख्या बंदराला कळतं, त्यावर अक्षर नसतं, आणि तो खाली कुठे लावून उपयोग नाही, सगळ्यांना लांबून दिसेल अशा उंच जागीच लावावा लागतो. त्याच्या पणज्याला सही करता येत नव्हती पण बावटा वाचता यायचा.

मग आम्ही ठरवलं की वर्षभर विषय एकच धरायचा, हवामान. कारण आमच्या गावात त्यावर पोट आहे. तौक्ते वादळ १६ मे २०२१ ला आमच्या समोरून गेलं तेव्हा ही मुलं लहान होती, पण कित्येक दिवस लाईट नव्हती आणि मोबाईल बंद पडले होते हे सगळ्यांना आठवतं. आणि त्या वादळाचे फोटो अजून दर पावसाळ्यात नवीन म्हणून फिरतात हेही.

पहिले दोन महिने फक्त वाचन केलं. हवामान खात्याचा रंगीत जिल्ह्यांचा नकाशा घेतला. मुलांना वाटत होतं पिवळा म्हणजे थोडा पाऊस, लाल म्हणजे खूप पाऊस. पण तो रंग काय करायचं ते सांगतो, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मिलिमीटरची भाषा वेगळी, २४ तासांत ६४.५ च्या वर गेला की 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार'. आणि नकाशात अख्खा सिंधुदुर्ग एकाच रंगात रंगवलेला असतो, पण आंबोलीचा पाऊस वेगळा आणि आमच्या किनाऱ्यावरचा वेगळा, हे मुलांना पाठ्यपुस्तकाआधी एसटीतल्या प्रवासामुळेच माहीत होतं. मग विंडी हे हवामानाचं ॲप घेतलं. एकाने ओरडून सांगितलं बाई मालवण लाल झालंय. बघितलं तर तो वाऱ्याच्या झोतांचा नकाशा होता, पावसाचा नव्हताच, आणि खालची पट्टी चार दिवस पुढे सरकवलेली. भूगोलात नकाशाची सूची आधी बघायची हे आम्ही सहावीपासून घोकून घेतो, पण कागदावरची सूची बघणारं मूल मोबाईलवरची बघत नाही, त्याला तो नकाशा वाटतच नाही, चित्र वाटतं. उपग्रहाच्या फोटोतही तसंच. इन्फ्रारेड फोटोत पांढराशुभ्र भाग म्हणजे ढगाचा माथा थंड, म्हणजे ढग उंच आहे. त्याखाली पाऊस पडत असेलच असं नाही. यावर एक अख्खा तास गेला आणि मला तो गेल्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

खरं-खोटं तपासायचं कसं याबद्दल मी वाचलेलं सगळ्यात उपयोगी काय असेल तर स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचं २०१७ चं काम. त्यांनी १० इतिहासाचे पीएचडी, १० फॅक्ट चेकर, म्हणजे खरं-खोटं तपासणं हेच ज्यांचं काम ते लोक, आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी घेतले आणि त्यांना वेबसाईट तपासायला दिल्या. शिकलेसवरलेले लोक त्याच पानावर वर-खाली करत बसले, लोगो किती छान, भाषा किती शुद्ध हे बघत राहिले आणि फसले. फॅक्ट चेकर मात्र लगेच ते पान सोडून दुसरे टॅब उघडून बघायला लागले की बाकीचे या साईटबद्दल काय म्हणतात. हे मुलांना भयंकर आवडलं. पण आमच्याकडे टॅब उघडणार कुठे. लॅबमध्ये दहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालू, पावसात नेट गेलं की गेलंच, आणि मोबाईलला रेंज पाहिजे तर शाळेच्या मागे सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळावर जावं लागतं. मग आम्ही नियम केला की टॅब म्हणजे माणूस. फोटो आला की त्या फोटोकडे टक लावून बसायचं नाही, त्या गावातल्या एका माणसाला फोन करायचा, बंदरावरच्या एकाला विचारायचं, आणि घरी रेंज असेल तर गुगल लेन्सवर टाकून तो फोटो आधी कुठे आलाय का बघायचं. तीन वाटांनी एकच उत्तर आलं तर वहीत लिहायचं.

असंच विचारायला म्हणून एका मुलीच्या वडिलांना वर्गात बोलावलं. ते तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीवरचे प्रमुख आहेत. त्यांनी वारा कसा ओळखायचा, मतलई कधी पडतो, पाण्याचा रंग बदलला की काय समजायचं हे असं काही सांगितलं की मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठेना. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि मला दाखवला. समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेची उंच लाटांची सूचना कोणीतरी ग्रुपवर टाकलेली, इंग्रजीत, बारीक अक्षरात, मालवण ते वसई, अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत, साडेतीन मीटर. म्हणाले, "माका ह्यां वाचूक येणा नाय बाई. भाचो मुंबयसून वाचून सांगता."

सूचना मालवणच्या दर्याची, आणि ती वाचून सांगायला मुंबईचा भाचा. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. हे आपण करू, हे त्यांनीच ठरवलं, मी नुसती हो म्हटलं.

पहिली क्लिप त्यांनी बनवली ती टीव्ही चॅनेलसारखी. सुरुवातीला धडाम असं म्युझिक, मग 'सावधान! सावधान!', मग इतक्या वेगाने माहिती की मलाच कळली नाही. मी काही बोलले नाही, म्हटलं घरी ज्यांच्यासाठी केलीय त्यांना ऐकवा आणि ऐकून झाल्यावर विचारा की काय कळलं, ते जसंच्या तसं लिहून आणा. एका आजीचं उत्तर आलं, "कळला काय नाय, पण भियालंय मी."

हे एक वाक्य माझ्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा जास्त कामाला आलं. म्युझिक गेलं. वेग कमी झाला. भाषा मालवणी झाली, आणि हे सोपं नव्हतं बरं का, शाळेत आल्यावर शुद्ध बोलायचं हे आम्हीच त्यांच्या अंगात भिनवलेलं, त्यामुळे रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की मुलं आपोआप पुस्तकी व्हायची. साडेतीन मीटर म्हणजे केवढं हे सांगायला दोरी घेऊन शाळेची भिंत मोजली, वर्गाच्या दाराच्या वर जाऊन जवळपास वळचणीला टेकली. मग क्लिपमध्ये 'शाळेच्या वळचणीएवढी' असं आलं. त्यातही तांडेलांनी दुरुस्ती केली की प्रत्येक लाट तेवढीच नसते, मधूनच एखादी फार मोठी येते, आणि ते शास्त्राला धरूनच आहे, कारण सूचनेत देतात ती उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पटही असू शकते. तेही वाक्य घातलं. रेकॉर्डिंगला पत्र्यावरचा पाऊस आड यायचा, म्हणून ऑफिसमधल्या कपाटाच्या दोन दारांमध्ये घोंगडी टाकून त्यात तोंड घालून बोलायचं. पालकांची लेखी परवानगी घेतली, कोणाचा चेहरा नाही, क्लिपमध्ये नाव नाही.

काही पालक नाराज होते हेही सांगते. मोबाईल देऊ नका म्हणून तुम्हीच सभेत सांगता आणि आता तुम्हीच त्याच्यावर अभ्यास देता. त्यांचं चुकत नव्हतं. रेकॉर्डिंग आणि तपासणी दोन्ही शाळेतच होईल, घरी फक्त ऐकवायचं आणि फार तर मोठ्यांच्या समोर एखादा फोटो तपासायचा, असं ठरलं तेव्हा बहुतेक जण राजी झाले.

आणि मग ऑगस्टात ते घडलं.

नारळी पौर्णिमा होऊन काही दिवस झाले होते. यांत्रिक बोटींची १ जून ते ३१ जुलैची बंदी संपलेली, छोट्या होड्यावालेही नारळ देऊन पाण्यात उतरायला लागलेले, हंगामाचे पहिले दिवस, एकेक दिवस मोलाचा. मंगळवारी आम्ही क्लिप केली. 'उद्या दुपारपासून परवा रात्रीपर्यंत दर्याक जोर आसा, मोठ्यो लाटो येतल्यो, होडी घालू नकात.' आवाज त्याच मुलीचा, माडवालीचा. सुंदर झाली क्लिप. बुधवारी-गुरुवारी खरंच दर्या खवळला. लोकांनी कौतुक केलं, क्लिप या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेली.

शनिवारी संध्याकाळी तीच क्लिप माझ्या मोबाईलवर परत आली. चार गावं पलीकडल्या माझ्या मावसबहिणीने पाठवलेली, 'तुमच्याकडे उद्या जोर आहे म्हणे, सांभाळून'. दोन बाण लावलेली, म्हणजे पाच किंवा जास्त हातांतून पुढे आलेली. मी बसल्या जागी गार पडले. 'उद्या' हा शब्द कधी शिळा होतच नाही. मंगळवारी ऐकला तर बुधवार, शनिवारी ऐकला तर रविवार.

रविवारी दर्या शांत होता आणि शेजारच्या वाडीतल्या एका घराने होडी घातली नाही. सोमवारी त्या घरचे गृहस्थ शाळेत आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "बाई, शाळेचो आवाज म्हणान आमी विश्वास ठेवलो." बाकीच्या होड्यांना त्या दिवशी चांगली मासळी लागली होती. मी त्यांची माफी मागितली, मुलांसमोर मागितली, कारण ती क्लिप मी ऐकून पास केली होती आणि चूक माझी होती. ती मुलगी दोन दिवस शाळेत आली पण बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर चार शब्द लिहिले, आज, उद्या, परवा, आत्ता, आणि विचारलं की हे शब्द कोणाच्या घड्याळाप्रमाणे चालतात. वर्गात समोरासमोर बोलताना 'उद्या' चालतो कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच दिवसात उभे असतात. रेकॉर्ड केलं की बोलणारा मागे राहतो. मुलांनी लगेच जूनचा तो व्हिडिओ आठवला. त्यावरही 'आत्ताची परिस्थिती' असंच होतं. म्हणजे जी खोट आम्ही दुसऱ्याच्या व्हिडिओत पकडली होती तीच आमच्या खऱ्या, तपासलेल्या, चांगल्या मनाने केलेल्या क्लिपमध्ये होती. खरी माहितीसुद्धा तारीख सुटली की खोटी होते, हे मी त्याआधी इतकं नीट समजून घेतलंच नव्हतं.

ते चारही शब्द क्लिपमधून कायमचे बाद. आता क्लिप अशी सुरू होते, 'हो निरोप गुरवारी, एकोणीस तारखेक, सकाळी धा वाजता केलेलो आसा', आणि शेवट असा, 'शुक्रवारी रात्री आठानंतर हो निरोप खोडून टाका'. सूचना कोणी दिली ते नाव मध्ये. वार दोनदा सांगायचा, कारण म्हाताऱ्या माणसांना तारखेपेक्षा वार पटकन लागतो. चित्राचं पोस्टर केलं तर तारीख कोपऱ्यात नाही, बरोबर मधोमध, अक्षरांच्या अंगावरून गेलेली, कारण कोपरा कापला जातो, आणि चित्राखाली टाईप केलेली ओळ पुढे पाठवताना सुटू शकते. हे जागेच्या वाटेचं शिक्षण. जूनमध्ये मी ते बावट्यावरून समजावत होते, सप्टेंबरात मुलं मला समजावत होती.

मधे एकाने एआयवर चित्र बनवून आणलं, सिंधुदुर्ग किल्ल्यावर आदळणाऱ्या लाटा, बघत राहावं असं. फक्त किल्ल्यावर दोन घुमट होते. एकाने विचारलं, घुमट नसते तर? तर मग आपल्याला कळलंच नसतं, आणि आपण लावलं असतं. यावर फार छान वाद झाला. अर्ध्यांचं म्हणणं, 'एआयचं चित्र' असं मोठ्याने लिहून लावावं, अर्ध्यांचं म्हणणं, धोक्याच्या सूचनेत खरा फोटो किंवा हाताने काढलेलं चित्रच हवं, मधलं काही नको. मतदान घेतलं, हाताने काढलेलं जिंकलं. मी कुठल्याच बाजूने बोलले नाही पण मला बरं वाटलं.

गुणांचं काय असं इतर शाळांतले सहकारी विचारतात. आठवीला आकारिक मूल्यमापन आहेच, त्यातल्या प्रकल्प आणि तोंडी कामात मी हे धरते. क्लिप किती देखणी झाली याला गुण नाहीत, ऐकणाऱ्याला काय कळलं हे लिहून आणलंय का, आणि त्यावरून पुढच्या क्लिपमध्ये काय बदललं, याला आहेत.

ती मुलगी परत बोलायला लागली, पण लगेच नाही. गणपतीची सुट्टी संपल्यावर स्वतःहून आली आणि म्हणाली की आता वार सांगतोय ना आपण, मग मी बोलेन. एकोणीस तारखेची क्लिप तिच्याच आवाजात आहे.

सध्या आम्ही एका वेगळ्याच ठिकाणी अडलोय. वर्गातल्या एका मुलाच्या आईला ऐकू येत नाही, वाचताही फारसं येत नाही. सप्टेंबरातल्या एका क्लिपनंतर तो म्हणाला की माझ्या आईसाठी यात काहीच नाही. इतके दिवस आवाजामागे धावताना हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो आणि आणखी तीन मुलं आता छोटा व्हिडिओ करतायत, बिनआवाजाचा, घरात आई आणि तो ज्या खुणांनी बोलतात त्याच खुणांनी. लाटेची खूण आहे, भरतीची वेगळी आहे, 'घराबाहेर जाऊ नको' ची तर अशी ठसक्यात आहे की सगळा वर्ग ती करून बघतो. अडचण परत तारखेचीच होती, वार खुणेने कसा सांगायचा. परवा त्याने घरून शूट करून आणलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं आहे, गॅसचा सिलिंडर आला की आई त्यावर खूण करते. त्याने त्या दिवसाच्या चौकटीवर बोट ठेवलं, मग हाताने लाट केली, मग बोट पुढच्या चौकटीवर सरकवलं, परत लाट, आणि तिसऱ्या चौकटीवर तळहात आडवा, सपाट, हळूहळू फिरवत नेला, शांत पाण्यासारखा.